शेवटची कसारा कितीला सुटते?

जुलैतली गोष्ट. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि सकाळी सायन-कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी साचलं होतं. नेमकी त्याच दिवशी आमच्या दुसऱ्या वर्षाची अर्थशास्त्राची इंटर्नल होती. सकाळी साडेसातची, वीस मार्कांची. अर्धा तास उलटला की कुणाला आत घ्यायचं नाही, हा विभागाचा नियम. आठ वाजून बारा मिनिटांनी एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. चपला हातात, ओढणी पिळून कमरेला बांधलेली, आयकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. तिनं काही विचारलं नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तेवढ्यानं तिला समजलं. ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि पेपर सुटेपर्यंत तिथेच बसून होती.

मी दादरला राहते. घरून कॉलेज चालत बारा मिनिटं. पंचवीसेक वर्षांत एकाही पावसानं मला लेट मार्क लावलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या लक्षात राहील.

दुसऱ्या दिवशी तो प्रश्न मी वर्गावरच सोपवला. वाटप हा आमच्या विषयातला धडाच आहे आणि उदाहरण आयतं चालून आलं होतं. तिची परीक्षा परत घ्यावी का? माझा अंदाज असा की जवळची मुलं नाही म्हणतील आणि लांबची हो म्हणतील. झालं उलटंच. माहीम, परळ, वडाळा ही मंडळी सढळ हातानं म्हणाली, “घ्या ना मॅडम, काय बिघडतं!” आणि टिटवाळ्याहून येणारा एक मुलगा उठून उभा राहिला. “का घ्यायची? मी रात्री बातम्या बघितल्या आणि चार पन्नासची पकडली. ठाण्याला पाऊण तास गाडी उभी होती. तरी साडेसातला मी वर्गात होतो. तिनं का नाही पकडली?”

वर्ग गप्प झाला. मुलगा मनानं वाईट नव्हता; मला तो वर्षभर माहीत होता, स्वतःच्या नोट्स दहा जणांना वाटणारा. पण त्यानं झोप मोडून जे मिळवलं, ते दुसऱ्या कुणाला तसंच मिळणार म्हटल्यावर त्याची ती चार पन्नासची गाडी फुकट जात होती. माहीमच्या मुलीला उदार व्हायला काहीच पडत नव्हतं. त्याला ते परवडत नव्हतं.

परीक्षा मी परत घेतली. घेतली म्हटल्यावर, आठ वाजून तीन मिनिटांनी गेटवरून घरी गेलेले आणखी चौघे उगवले. त्यातला एक नुसता झोपून राहिला होता, हे मला पक्कं माहीत आहे. शिवाजी पार्कात राहतो तो, त्याच्या घराखाली कुठले रूळ!

तेव्हापासून मला एक छंद जडला. दर वर्षी पहिल्या आठवड्यात कोरे कागद वाटते. नाव घालायचं नाही. तुमच्या मते सगळ्यांत मोठा अन्याय कोणता, ते एका वाक्यात लिहा. कॉलेजातला, घरातला, देशातला, कुठलाही चालेल. चिठ्ठ्या घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर पसरते आणि चहा घेत वाचत बसते.

पहिल्या वर्षी वाचल्या तेव्हा माझा हिरमोड झाला. निम्म्याहून जास्त इंटर्नलबद्दल. ‘सर त्यांच्या लाडक्यांना अठरा देतात.’ ‘हजेरी ७५ टक्के पाहिजे म्हणता, पण लेक्चर तरी घ्या.’ ‘डिफॉल्टर लिस्टमध्ये माझं नाव, आणि जी वर्षात चारदा आली तिचं नाही.’ मग लिफ्ट. लिफ्टबद्दल दर वर्षी चार-पाच चिठ्ठ्या असतातच. आमच्या लिफ्टवर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी आहे. पायाला प्लास्टर असलेल्या विद्यार्थ्याला परवानगीनं वापरता येते, फक्त परवानगीचा अर्ज जिथे द्यायचा ते ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे. मुलांना हे इतकं लागतं, याचं मला तेव्हा हसू आलं होतं. मी स्वतः त्या लिफ्टमधून जाते हे हसताना विसरले होते.

शहराबद्दल जवळपास काहीच नाही. आमच्याकडे वरळीच्या बीडीडी चाळींतून आलेली मुलं कायम असतात. १६० चौरस फुटांची खोली, त्यात आईवडील, आजी, दोन भावंडं. त्यांच्यातली कितीतरी मुलं अभ्यास गल्लीत अभ्यास करून मोठी झाली. वरळीची ती गल्ली मुंबईकरांना माहीत आहे. रस्त्याच्या दिव्याखाली, कट्ट्यावर पुस्तकं मांडून पिढ्यान्‌पिढ्या मुलं तिथे बसत आली. पण ती मुलं या गल्लीबद्दल अभिमानानं बोलतात. ‘आमच्या गल्लीतून इतके इन्स्पेक्टर झाले, इतके सीए झाले.’ शिकायला रस्त्यावर बसावं लागलं हा अन्याय होता, असं आजवर एकाही चिठ्ठीत आलेलं नाही.

हे कोडं सुटायला मला दोन-तीन वर्षं लागली. लिफ्टला दार आहे. इंटर्नलला सर आहेत, सरांना केबिन आहे, केबिनबाहेर उभं राहता येतं. तक्रारीला पत्ता लागतो. घर लहान आहे हे कुणाच्या केबिनमध्ये जाऊन सांगायचं? आठवीपर्यंत गणिताला शिक्षकच नव्हते, हे कुणाला? ते पावसासारखं असतं. छत्री घ्यायची, नाही तर भिजायचं. म्हणून या मुलांना न्यायाची चाड नाही असं म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांशी मी भांडते. चाड आहेच. फक्त ती जिथे दार दिसतं तिथेच ठोठावतात.

आणि दार दिसलं की कसं ठोठावतात, तेही पाहिलं आहे. २०२२च्या ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेनं साध्या लोकलच्या जागी आणखी एसी लोकल सोडल्या. कळव्याला, बदलापूरला लोक उतरले, आणि त्या वाढवलेल्या एसी फेऱ्या रेल्वेला मागे घ्याव्या लागल्या. त्या आठवड्यात वर्गात दुसरा विषय नव्हता. एसी गाडी असू नये असं कुणाचंच म्हणणं नव्हतं, हे मला मोठं लक्षणीय वाटलं. ‘असू दे की एसी. ज्याच्याकडे पैसे आहेत तो जाईल. पण आमची गाडी काढून तिथे नको.’ फर्स्ट क्लासचा डबा याच मुलांना कधी खुपत नाही, कारण तो पहिल्यापासून तिथेच आहे. काल आपलं होतं ते आज काढून घेतलं, की खुपतं.

कधी कधी तर मला वाटतं, लोकलच्या डब्यातच ही मुलं न्यायशास्त्र शिकून येतात. लेडीज डब्यात शिरल्या शिरल्या बसलेल्या बाईला विचारायचं, “कुठे उतरणार?” जिनं आधी विचारलं, तिची सीट. मग ती सीट रिकामी होताना दारात कितीही दमलेली बाई उभी असो. पोटुशी असेल, कडेवर मूल असेल, तर डबाच न्यायाधीश होतो आणि निकाल क्षणात लागतो. तीन माणसांच्या बाकावर चौथीला टेकायला जागा करून द्यायची. पाचवीला नाही. आणि डाऊन करून, म्हणजे उलट दिशेनं मागच्या स्टेशनावर जाऊन बसून येणाऱ्यांनी जागा अडवली की अंबरनाथ-डोंबिवलीच्या बायका त्यांना काय काय ऐकवतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही. लिहून ठेवलेला एकही नियम नाही, आणि सगळ्यांना सगळे पाठ.

कॉलेजात उलटं आहे. सगळं लिहिलेलं आहे आणि कुणालाच काही माहीत नाही.

मी ज्यांना ‘एकोणीसची बॅच’ म्हणते, त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. २०१९ साली दहावी झालेली मुलं. त्या एका वर्षी एसएससी बोर्डानं भाषा विषयांचे शाळेकडून मिळणारे वीस तोंडी गुण काढून टाकले. आदल्या वर्षी, २०१८ला, राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. या मुलांचा ७७.१० टक्क्यांवर आला. दुसऱ्या बोर्डांच्या मुलांचे अंतर्गत गुण शाबूत होते, आणि अकरावीच्या ऑनलाइन यादीत दोघं एकाच रांगेत. ओरड झाली. पुढच्या वर्षी गुण परत आले आणि २०२०चा निकाल थेट ९५.३० टक्के लागला. म्हणजे मधली ही एकच तुकडी उघड्यावर सापडली. मग बारावीला कोविड. २०२१ला परीक्षाच झाली नाही. दहावीचे तीस टक्के, अकरावीचे तीस टक्के आणि बारावीचे चाळीस टक्के असं सूत्र निघालं, आणि निकाल लागला ९९.६३ टक्के. एकदा शेंडी धरून आपटलं, एकदा उचलून खांद्यावर घेतलं. आणि त्या सूत्रातले तीस टक्के पुन्हा त्याच दहावीचे.

ही मुलं आमच्याकडे आली ती मोबाइलच्या पडद्यावर, काळ्या चौकोनांतून. प्रत्यक्ष वर्गात आल्यावर मी त्यांना विचारलं होतं, यातलं जास्त काय लागलं? मला वाटलं, दहावी म्हणतील. एक मुलगी म्हणाली, “बारावी. दहावीत कमी पडले, पण ते माझे होते. बारावीच्या मार्कांना सगळे हसतात.” तिच्या शेजारचा म्हणाला, “कमी दिले त्याचं नाही काही. आम्हांला कुणी विचारलंच नाही. दोन्ही वेळा टीव्हीवरच कळलं.”

त्याचं वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. १९७५ साली अमेरिकेतल्या थिबो आणि वॉकर या दोघांनी, एक मानसशास्त्रज्ञ आणि एक कायद्याचा प्राध्यापक, खटल्यांच्या संदर्भात हेच मांडलं होतं. निकाल विरुद्ध गेला तरी, आपलं म्हणणं मांडायला मिळालं असेल, तर माणूस तो निकाल पुष्कळ सहज पचवतो. वर्गात मी हे शिकवते तेव्हा मुलं मान डोलावतात. आणि मग बाहेर पडताना बोर्डावर लावलेलं बदललेलं वेळापत्रक त्यांना दिसतं, जे आम्हीच कुणालाही न विचारता बदललेलं असतं.

एकदा दोन चिठ्ठ्यांवर एकच शब्द आला. ‘आरक्षण.’ बाकी काही नाही, पुढे पूर्णविराम. दोन वेगळी अक्षरं. मी त्या समोरासमोर ठेवून किती वेळ बघत बसले होते. एकाचा अर्थ ‘मला मिळत नाही’ असेल. दुसऱ्याचा, ‘मला मिळतं म्हणून माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, ती.’ कुठली चिठ्ठी कुणाची, अक्षरावरून सांगता येत नव्हतं. दोन्हीही आरक्षण नसणाऱ्यांच्या असतील किंवा दोन्ही असणाऱ्यांच्या. मी आपला माझ्या मनानं अर्थ लावला, हेही खरंच.

या विषयावर आमचा वर्ग बोलत नाही, कुजबुजतो. ‘तू ओपन ना?’ हा प्रश्न पहिल्या महिन्यात कॅन्टीनमध्ये विचारून होतो, आणि नंतर तीन वर्षं पुन्हा कुणी विचारत नाही, पण प्रत्येकाला प्रत्येकाचं माहीत असतं. मी डॉ. आंबेडकरांची गोष्ट सांगते, माझ्याच विषयाच्या प्राध्यापकाची. १९१८मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले. परदेशातल्या विद्यापीठात शिकून आलेला माणूस, आणि प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये अशी सहकाऱ्यांची हरकत. हे ऐकताना वर्ग एकजात गंभीर होतो. शंभर वर्षांपूर्वीच्या अन्यायावर आमचं कधीच दुमत नसतं. मग मी म्हणते, शाहू महाराजांनी १९०२मध्ये कोल्हापूर संस्थानात पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या, आणि तेव्हाही लोकांनी गुणवत्तेचं काय असं विचारलं होतं. इथे खुर्च्या वाजायला लागतात.

भांडुपचा एक मुलगा होता, मूळ साताऱ्याकडचा. तास संपल्यावर थांबला. तीन भाऊ. थोरला २०१९ला मराठा आरक्षणातून इंजिनिअरिंगला लागला. मधल्याची वेळ आली तोवर मे २०२१मध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायदा रद्द केला होता. त्याला खुल्या गटातून मिळालं नाही, तो बीएस्सीला गेला. २०२४च्या फेब्रुवारीत दहा टक्क्यांचा नवा कायदा आला, आणि आता हा धाकटा, आमचा, एमबीएचा फॉर्म भरताना पुन्हा त्या रकान्यात टिक करणार होता. घर एक, बाप एक, गावाकडची दीड एकर जमीन एक. “मधला बोलत नाही आमच्याशी नीट,” तो म्हणाला. “आमच्यात काय बदललं ते मला सांगा ना, मॅडम.” मी त्याला कोर्टाची पन्नास टक्क्यांची मर्यादा समजावून सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली. त्याचा प्रश्न तो नव्हता, हे तो जिना उतरून गेल्यावर माझ्या डोक्यात आलं.

पैशाबद्दल मात्र मुंबईच्या मुलांचं मत फार चटकन होतं, आणि मला ते पटत नाही. आमच्या इमारतीत खालचे मजले अनुदानित आणि वरचे दोन सेल्फ फायनान्सचे. वर एसी, प्रोजेक्टर, रंगीत खुर्च्या. खाली पंखे, त्यातला एक कायम आवाज करणारा. यावर तक्रार? छे. “ते पैसे भरतात ना!” या चार शब्दांपुढे वाद संपतो. शिक्षकांचंही तेच. मी कायम आहे. माझ्या शेजारच्या वर्गात तेवढंच, किंबहुना जास्त चांगलं शिकवणारा नेट-सेट झालेला तरुण तासिका तत्त्वावर आहे. त्याला तासाचे पैसे मिळतात आणि मे महिन्यात काहीच मिळत नाही. हे मुलांना ठाऊक आहे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “हो मॅडम, वाईट वाटतं, पण सर क्लास पण घेतात ना बाहेर.” म्हणजे सुटला प्रश्न. ज्याला जोडधंदा आहे त्याच्यावर अन्याय होत नाही, असा काहीसा हिशोब. गिरणगावात वाढलेल्या मला हा हिशोब ओळखीचा वाटतो, आणि भीतीही वाटते. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि माझ्या वडलांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडलीच नाही, तेव्हा चाळीतले लोक हेच म्हणाले होते. ‘बायको खानावळ चालवते ना त्यांची.’

आता शंभर रुपयांचा खेळ. १९८२ सालीच, योगायोग म्हणा, व्हेर्नर ग्युट आणि त्याच्या दोन जर्मन सहकाऱ्यांनी एक प्रयोग मांडला होता. अर्थशास्त्राच्या वर्गांत तो आता जगभर खेळतात. एकाला शंभर रुपये द्यायचे. त्यानं दुसऱ्याला त्यातले किती ते ठरवायचं. दुसऱ्यानं घेतले तर दोघांना आपापला वाटा. त्यानं नको म्हटलं तर दोघांचेही गेले. हिशोबानं बघितलं तर दुसऱ्यानं एक रुपयासुद्धा घ्यायला हवा. माणसं तसं करत नाहीत. वीसच्या खाली आलं की पुष्कळजण दोघांचंही बुडवतात.

आमच्या वर्गातही तसंच. नाणेफेक करून शंभराची नोट दिली, तर बहुतेकांनी चाळीस-पन्नास देऊ केले. एकानं दहा काढले, तर समोरची म्हणाली, “ठेव तुझ्याकडेच. नाही, तुझ्याकडे पण नको.” टाळ्या पडल्या. मग मी एक बदल केला. नाणेफेक नाही, पाच प्रश्नांची चाचणी घ्यायची, जो जिंकेल त्याच्या हातात नोट. आता जिंकलेला वीस देऊ करतो, कधी पंधरा, आणि हरलेला मुकाट घेतो. चिडत नाही. “त्यानं मिळवलेत, मॅडम.” नोट तीच आणि वाटा आधीपेक्षा निम्मा, पण चाचणी झाली म्हटल्यावर सगळं रास्त. मी फळ्यावर लिहायला वळले होते, गुणवत्ता म्हणजे काय वगैरे, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

“मॅडम, प्रश्न कोणी काढले?”

कसारा लोकलच्या वाटेवरच्या आटगावकडचा मुलगा. वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं त्यानं.

प्रश्न मी काढले होते. मुंबई विद्यापीठाची स्थापना कधीची? राजाबाई टॉवरमधली राजाबाई कोण? काळ्या घोड्याचा पुतळा हल्ली कुठे आहे? शेअर बाजार कुठल्या रस्त्यावर आहे? रिझर्व्ह बँक कुठल्या साली सुरू झाली? चांगले प्रश्न, असं मला वाटलं होतं. फोर्टात एक फेरी मारली की पाचातले चार समोर येतात, आणि पाचवा, घोड्याचा, राणीच्या बागेत गेलं की. माझ्या लहानपणी वडील रविवारी फिरवून आणायचे तिथे. चालायला पैसे पडत नाहीत.

“मग काय विचारायचं होतं?” मी म्हणाले. थोडं चिडूनच.

“शेवटची कसारा कितीला सुटते, हे विचारा ना.”

वर्ग हसला. मीही हसले. उत्तर मला माहीत नव्हतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगते, जी मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. इंटर्नलला वीसपैकी आठ मिळाले की पास. काही वर्षांपूर्वी एका मुलीला सहा होते. मराठी माध्यमाची, लालबागच्या चाळीतली; वडील ज्या मॉलमध्ये वॉचमन होते, तो एका बंद गिरणीच्या जागेवर उभा. पेपर तपासताना तिच्या अक्षरातही मी मला दिसत होते. मी एका उत्तराचे दोन मार्क वाढवले. त्याच गठ्ठ्यात एका मुलाला सात होते. मीरा रोडचा, इंग्रजी झकास, केस रंगवलेले. याचं काय, हा निभावून नेईल, असं म्हणून मी पुढचा पेपर उचलला. त्याला केटी लागली, म्हणजे तो विषय राहिला. तो केबिनमध्ये आला, पेपर बघायला मागितला, आणि म्हणाला, “मॅडम, एका मार्कानं…” मी म्हणाले, “नियमात बसत नाही.” तो थँक यू म्हणून गेला. रात्री कॉल सेंटरला जाऊन तो सकाळी आमच्याकडे बसत होता, हे मला पुढच्या सत्रात दुसऱ्याच कुणाकडून कळलं. मुलीला मी वाढवून दिलेल्या मार्कांची खंत मला आजही वाटत नाही. पण दर वर्षी ‘सर लाडक्यांना अठरा देतात’ ही चिठ्ठी उघडताना माझा हात जरा थांबतो.

पुढच्या वर्षी मी प्रश्न मुलांना काढायला सांगितले, आणि चाचणीला मी स्वतः बसले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आटगावचा, आता तिसऱ्या वर्षाला आलेला. प्रश्न वर्गानं मिळून ठरवले होते. शेवटची कसारा कितीला? ती गाडी खर्डी सोडल्यावर कसाऱ्याआधी कुठे थांबते? महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा, ओटीपी आधारला जोडलेल्या ज्या मोबाइलवर येतो तो गावाला काकाकडे असेल, तर फॉर्म कसा भरायचा? कन्सेशनचा शिक्का मारणारे काका किती ते कितीच भेटतात? आणि पाचवा: तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं कुठल्या तालुक्यात?

पहिल्या चारांना मी हात टेकले. उंबरमाळी नावाचं स्टेशन आहे हे मला त्या दिवशी कळलं. पाचवा मात्र आला. शहापूर. लहानपणी भूगोलात पाठ केलेलं, दादरच्या नळाला येणारं पाणी.

“बरोबर,” तो म्हणाला. “मग शहापूर तालुक्यातल्या गावांना उन्हाळ्यात टँकर का लागतात?”

मी सुरुवात केली, पाणी कुणाच्या हक्काचं, महापालिका, जलवाहिन्या…

“हा सहावा होता, मॅडम. याला मार्क नाहीत.”

दोन वर्षांत याच्या दोन चिठ्ठ्या माझ्या टेबलावर येऊन गेल्या असतील. पाण्याचं एकीतही नव्हतं. मला आठवलं असतं. प्रश्न काढायला बसला तेव्हाच त्याला ते सुचलं असावं.

त्याला पाचपैकी पाच. नोट त्याच्या हातात. वर्गात चाललेला गोंधळ शमला, आणि तो आवाज करणारा पंखा तेवढा ऐकू येत राहिला. त्यानं नोट उलटसुलट करून पाहिली, खिशातून दहाचं नाणं काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

“पाचातला एक म्हणजे वीस होतात,” मी म्हणाले.

“वीस नियमात बसत नाहीत.” तो हसत होता की नव्हता, सांगता येणार नाही. “घेता, की दोघांचे घालवायचे?”

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी नाही म्हटलं असतं तर त्याचे नव्वद जाणार होते. मी नाणं उचललं आणि पर्समध्ये टाकलं.

त्या दिवशी घरी जाताना ती बारा मिनिटं मी त्या दहा रुपयांवरून चरफडत होते. दोनदा तर मोठ्यानं बोललेसुद्धा.